इंगळे सिस्टरच्या सात वाटा

चालायला येताना विळा घेऊन या, असा निरोप माझ्या फोनवर आला तेव्हा मला ती थट्टा वाटली. ग्रुपचं नाव होतं 'रविवार पायी'. माणसं उणीपुरी अकरा. मला त्यात टाकलं ज्योतीनं. बुलढाण्याला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि समोर ज्योतीचं झेरॉक्सचं. मी दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलतो. बारा-पंधरा वर्षं असं बसल्यावर पोटाचं व्हायचं ते झालं होतं. बायको म्हणायची, "तुमचं पोट आधी घरात येते, तुम्ही मांगून येता." ते एकदा ज्योतीसमोर म्हणाली, आणि ज्योतीनं त्याच दिवशी माझा नंबर ग्रुपात घातला. न विचारता. आमच्याकडं उपकार असेच करतात.

शनिवारी संध्याकाळी मेसेज आला. 'उद्या सकाळी सहा. पाण्याच्या टाकीपाशी. पाणी, भाकर, विळा.' मी पाणी घेतलं. भाकरीऐवजी बिस्किटाचे दोन पुडे घेतले. विळ्याऐवजी ऑनलाइन मागवलेली घडीची काठी घेतली, डोंगर चढायची. बूट नवे, टोपी नवी. आरशात पाहिलं तर बरा दिसत होतो, खोटं कशाला बोलू.

टाकीपाशी सात-आठ माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात खरोखरच विळा. कोणाच्या शेतावर सोंगणीला निघाल्यासारखी. मधोमध एक ठेंगणी, सावळी बाई. केस पांढरेफटक, घट्ट अंबाडा. निळी सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, त्यावर शेतात बायका घालतात तसा पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात कापडी बूट. वय असेल सदुसष्ट-अडुसष्ट. तिनं माझ्याकडं नाही, माझ्या काठीकडं पाहिलं.

"जयभीम भाऊ. हे काय आनलं?"

"काठी आहे. ट्रेकिंगची."

"लंगडता का?"

"नाही."

"मंग तिले काऊन चालवून राह्यले उगीच? ठेवा गाडीत." आणि पिशवीतून एक विळा काढून माझ्या हातात दिला. "नवा मानूस इळा आनतच नाही. म्हनून मी दोन आनतो."

'आनतो'च म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'मी आणते' म्हणत नाहीत, 'मी आणतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. हसू द्या.

त्या म्हणजे इंगळे सिस्टर. सरकारी नर्स म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. पहिली नऊ वर्षं तिकडं सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. बाकीची सगळी इकडं घाटात. लसीची पेटी खांद्याला लावून वाडी-वाडी पायी हिंडलेली बाई. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की आपण फिरायला आलो नसून कामावर आलो आहोत.

बोरदरीला उतरणारी वाट होती ती. बोरदरी म्हणजे घाटाच्या पायथ्याची पंचवीस-तीस घरांची वाडी. सडकेनं जायचं तर मोठा वळसा, आणि मध्ये नाल्यावरचा रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. पायवाटेनं तासा-सव्वा तासाचा उतार. दोन्ही बाजूंनी रायमुनिया मातलेली. रंगीत फुलांचं ते काटेरी झुडूप हो, पुण्याकडं घाणेरी म्हणतात त्याला. सगळे जण चालता चालता सपासप ती छाटत होते. हिरव्या झाडाला हात लावायचा नाही, फक्त रायमुनिया. कलीमभाई नावाचे वेल्डिंगवाले हातात बांबूचा एक तुकडा घेऊन पुढं होते. दर दहा-वीस पावलांवर तो बांबू वाटेवर आडवा धरायचे. टोकं पानांना लागली, की म्हणायचे, "और काटो." मी विचारलं, हे कशाला? "सिस्टर का हिसाब है," म्हणाले आणि पुढं गेले.

सिस्टर सगळ्यांच्या शेवटी. एक शब्द नाही. मी मागं वळून पाहिलं, की मान हलवायच्या, पुढं पाहा म्हणून.

खाली पोचलो तेव्हा माझ्या टाचांना दोन फोड आणि सदऱ्याला तीन भोकं. आंब्याखाली बसलो. भाकरी सुटल्या, ठेचा आला. माझी बिस्किटं कुत्र्यानं खाल्ली, त्यालाही ती फारशी आवडली नाहीत. जेवण झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चला, म्हना."

या ग्रुपाची ही रीत. वाट उतरून झाली, की एकेकानं ती उलटी म्हणून दाखवायची. खालून वर. एक-एक खूण क्रमानं. कलीमभाईंनी पाढे म्हणावेत तशी म्हटली. नाल्याचा चपटा खडक, मग जोडपळस, मग उजव्या हाताला झरा, मग दोन सालया, म्हणजे सालईची झाडं, आणि तिथं उजवीकडं वळायचं, मग रुख्माचा धोंडा, मग कातळातल्या पायऱ्या, मग टाकी. ज्योतीनं म्हटली. मग माझी पाळी आली.

"खडक," मी म्हणालो. "मग... झाडं. एक मोठं झाड. मग टाकी."

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"भाऊ, तुमचं दुकान काहाचं हाय म्हनलं?"

"चष्म्याचं."

"अन् तुम्हालेच दिसत नाही?"

मला असा राग आला म्हणता! चाळिशी उलटलेला माणूस, दोन पोरांचा बाप, चार लोकांत असा शाळेतल्या पोरासारखा उभा केला. परत चढताना मी एका अक्षरानं बोललो नाही. पुन्हा यायचं नाही, हे नक्की झालं होतं. कातळातल्या पायऱ्यांवर मी धापा टाकत बसलो तर सिस्टर शेजारी येऊन बसल्या. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, आधी एक पाय, मग दुसरा, अशा बेतानं.

"रागावले?"

"नाही."

"हाव, रागावले. रागावाच. पन एक सांगतो. उतरतांना कोनी मरत नाही भाऊ. अडलेल्या मानसाले वर आनाव लागते. म्हनून वाट उलटी पाठ पाहिजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "अशा सात वाटा हायेत. पहिले सगळ्या चालत होत्या. सडका झाल्या तं लोकानं सोडून देल्या. वाट सोडली की दोन वर्सात बुजते. सडक वाहून जाते तवा लोकाले वाट आठोते, अन् तवा ते रायते कोठी? माह्या गुडघ्यात आता दोन पावसायेच शिल्लक हायेत. डाक्टर तीन म्हनते, पन गुडघे माहे हायेत का त्याचे? तेवढ्यात कोनाले तरी साती वाटा पाठ झाल्या पाहिजे. येवढंच काम हाय माहं. तुम्ही आले तं बरं, नाही आले तरी दुसरा कोनी पाहीन."

विनवणी नव्हती, आर्जव नव्हतं. दुकानात येऊन कोणी 'नंबर वाढला का पाहा' म्हणतं तसं सांगितलं आणि उठून चालायला लागल्या. पुढच्या रविवारी मी गेलो. विळा विकत घेऊन गेलो.

मग दोन वर्षं जात राहिलो. पोट उतरलं की नाही ते बायकोला विचारा.

सिस्टरचं एक होतं, फुकटचं कौतुक करायच्या नाहीत आणि फुकटची दयाही करायच्या नाहीत. कोणी 'अजून किती राहिलं?' विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "चालले का तेवढंच कमी झालं." कोणी पायाला लागलं म्हणून बसला, की पिशवीतून पट्टी काढायच्या, बांधायच्या, आणि वर म्हणायच्या, "पाय गेला नाही, कातडं गेलं. उठ." ज्योतीनं फोनमध्ये सातही वाटांचे नकाशे काढले तेव्हा मात्र पोरीच्या पाठीवर हात फिरवला. "लय चांगलं केलं. आता त्याले सांग, रायमुनिया बी काप म्हना."

आणि वाड्यांमधली माणसं! आम्ही कुठंही खाली उतरलो, की कोणी तरी धावत येऊन पायांवर डोकं ठेवायचं. सिस्टर पाय मागं घ्यायच्या. "पाया पडू नको बे, लस टोचली का नाही पोराले ते सांग." एकदा एक भलाथोरला मिशीवाला सरपंच आला. आमच्यातला कोणी तरी उठून त्याला जागा द्यायला लागला तर सिस्टर म्हणाल्या, "बसा, बसा. ह्या पोट्ट्याले मी उलटा धरून ढुंगनावर चापट मारली तवा रडला होता." सरपंच मिशीत लाजला हो! त्यांना गावं माणसांच्या नावानं आठवायची नाहीत. बाळंतपणांच्या नावानं आठवायची. हे घर पायाळूचं, ते घर जुळ्यांचं, त्या घरी पोरगं निळं पडलं होतं आणि तोंडानं फुंकर मारून आणलं.

मी उंद्रीचा. तिथं आमची बऱ्यापैकी शेती. हे मी त्यांना एकदा कौतुकानं सांगत होतो. ऐकून घेतलं, आणि मग त्यांनी एका गावची गोष्ट सांगितली. मोठं घर. सिस्टर गेल्या की त्यांना बाहेरच्या पायरीवर बसवायचे. चहा देत, पण कप वेगळा. तो बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. बाळंतपणाची वेळ आली मात्र, की हाताला धरून ओढत आतल्या खोलीत न्यायचे.

"कोणतं गाव?" मी विचारलं.

"गाव काऊन पाहिजे तुले? तुह्या गावासारखंच होतं."

 तसा एक कप मी लहानपणी पाहिला होता. आमच्याच घरी, बाहेरच्या कोनाड्यात, पालथा. तो कोणाचा, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि मोठा झाल्यावरही विचारलं नाही. मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

"त्या कपात मी चहा पेलो नाही कधी," सिस्टर म्हणाल्या. "म्हनो, मले चहा पचत नाही. पन त्या घरचे तीन लेकरं माह्या हातचे हायेत. तीनीचे तीनी धट्टेकट्टे." आणि हसल्या. त्या हसण्यात कडवटपणा शोधून मला सापडला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर त्या घरावरून थुंकल्याशिवाय गेलो नसतो.

रुख्माच्या धोंड्याचं तर माझं हसंच झालं. बोरदरीच्या वाटेवर वरच्या अंगाला एक मोठा सपाट दगड आहे. तिथं आले, की सगळे मिनिटभर बोलायचे थांबत. मला वाटलं, देवस्थान असेल. रुख्माई. देवाच्या बाबतीत माणसानं धोका पत्करू नये, म्हणून मी दर खेपेला हात जोडायचो, आणि एकदा तर घरून जास्वंदीचं फूल नेऊन वाहिलं. सिस्टरनं ते पाहिलं.

"हे काऊन वाह्यलं?"

"देवीला."

"देवी नाही ते. पोरगी होती. बस, सांगतो."

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरदरीची रुख्मा, वय एकोणीस. भर पावसात बाळंत झाली, सिस्टर तिथंच होत्या. पोरगं झालं, पण रक्त थांबेना. रपट्यावरून पुरुषभर पाणी. तेव्हा सडक नवीन होऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत या वाटेनं कोणी पाऊल टाकलं नव्हतं. चौघांनी रुख्माला खाटेवर घातलं आणि निघाले.

"खाट जाये ना बाबू. दोन्हीकून रायमुनिया. चौघात कुऱ्हाड एक. पाच पावलं चालाव, खाट खाली ठेवाव, कापाव, मंग पुन्हा उचलाव. सालयापाशी डावीकडं गेलो तं कड्यावर निंघालो. पुन्हा वापस. साडेचार घंटे लागले. ती पानी मांगे, मी चमच्यानं देओ. अठी आलो, ह्या धोंड्यावर खाट टेकवली..." बोट वर केलं. झाडांच्या वर आमची पाण्याची टाकी दिसत होती. "टाकी दिसून राह्यली होती. तिले दिसली का नाही, मले मालूम नाही."

 कलीमभाईंचा बांबू खाटेच्या मापाचा होता, हे मला तेव्हा समजलं.

"पोरगं वाचलं," त्या म्हणाल्या. "दुसरबीडले मामानं वाढोलं. हाटेलात हाय तिकडं सडकेवर. मजेत हाय."

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्या विळा घेऊन एकट्या या वाटेवर आल्या होत्या. एकटीनं किती कापणार? मग सकाळी फिरणाऱ्या लोकांना गाठलं. 'फिराले या म्हनलं तं मानसं येतात. वाट साफ कराले या म्हनलं तं कोन येते?' म्हणून फिरायचा ग्रुप. नुसतं डोंगरावरची हवा खायला आलेल्या आम्हा लोकांकडून या बाईनं इतकी वर्षं बिनबोभाट काम करवून घेतलं, आणि आम्हाला वाटत होतं, की आपलं वजन उतरतंय.

त्यांची मुलगी अकोल्याला शिक्षिका. मिस्टर जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. मुलगी दर दिवाळीला न्यायला यायची आणि दर दिवाळीला एकटीच परत जायची. "साती पाठ झाल्या का येतो," एवढंच सिस्टर म्हणायच्या. मुलगी आमच्याकडं अशी पाहायची, की मला मास्तरापुढं नापास होऊन उभं असल्यासारखं वाटायचं.

पाठ झाल्या होत्या ना! निदान मला तसं वाटत होतं. दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी सिस्टर म्हणाल्या, "आज आपन दोघंच. बोरदरी. खालून वर तू नेजो मले." एव्हाना मी 'भाऊ'चा 'बाबू' झालो होतो. मी ऐटीत निघालो. जोडपळस, झरा, दोन सालया. सिस्टर मागं, मुकाट. मी गावातल्या राजकारणावर बोलत होतो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, धोंडा येईना. वाट रानडुकरांची होत गेली. काटे वाढले. मी तरी चाललोच, कारण चुकलो म्हणायची लाज. पाऊण तासानं समोर कडा. खाली नुसती दरी.

मी वळून पाहिलं. सिस्टर एका दगडावर बसून भाकरीचं फडकं सोडत होत्या. चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला.

"सालयांपाशी चुकलो मी," मी म्हणालो. "उजवीकडं वळायचं होतं."

"हाव."

"तुम्हाला तिथंच माहीत होतं?"

"हाव."

"मग काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलोच. "या गुडघ्यांनी पाऊण तास आलात माझ्यामागं! आता तेवढंच परत जायचं!"

त्यांनी अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. "सांगतलं असतं तं तुले माहा आवाज पाठ झाला असता. वाट नसती झाली."

मला रडूच आलं, लपवत नाही. मोजकी पावलं उरली होती बाईच्या पायांत, आणि त्यातला दीड तास तिनं माझ्या चुकीवर खर्च केला. परत येताना मी म्हणालो, मी पाठीवर घेतो. म्हणाल्या, "तुह्या पाठीवर बसाले मी मेलो नाही अजून." कण्हत कण्हत, पण आपल्या पायांनी वर आल्या.

त्यानंतर त्या उतरल्या नाहीत. दोन पावसाळे म्हणाल्या होत्या, पण दुसऱ्या पावसाळ्याआधीच गुडघे बसले. रविवारी रिक्षानं टाकीपाशी यायच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, आम्ही वर आलो, की वाट ऐकायच्या. एक खूण चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. मुलीला म्हणायच्या, अजून नाही. पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

ती वेळ भादव्यात आली. तीन दिवस झड लागली होती. सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"बाबू, बोरदरीची आशाताई बोलली. पोरगी अडली हाय, लेकराचा पाय पहिले आला. रपट्यावरून पानी चाललं. मी गाडी टाकीपाशी बोलावून ठेवतो. तुम्ही जा."

"तुम्ही?"

"मी आलो तं तुम्हाले दोन खाटा लागतीन. जा लवकर."

मी, कलीमभाई आणि ज्योती निघालो. घाटात धुकं असं, की पसरलेल्या हाताची बोटं दिसेनात. ज्योतीचा फोन पहिल्या दहा मिनिटांत भिजून बंद पडला. घसरत, बसत, पाऊण तासात खाली गेलो. खाट तयारच होती, वर प्लॅस्टिक. वाडीतली चार गडीमाणसं उचलायला, आणखी चार बदलीला. पोरगी असेल वीस-बावीसची. खाटेची दांडी घट्ट धरून ओठ चावत होती, आवाज मात्र काढत नव्हती.

मी पुढं झालो. दिसत काहीच नव्हतं. मी मोठ्यानं म्हणायला लागलो. चपटा खडक. जोडपळस. झरा, उजव्या हाताला. हात लावून झाड ओळखायचं आणि ओरडायचं, मागून खाट यायची. सालयांपाशी आलो आणि माझे पाय थांबले. एक क्षण काहीच आठवेना. मागून कोणीही काही सुचवलं नाही. कलीमभाईंनाही माहीत होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मी सालईच्या खोडाला हात लावला, ओल्या सालीवर, आणि उजवीकडं वळलो.

खाट कुठं अडकली नाही. एकदाही नाही. धोंड्यापाशी उचलणाऱ्यांनी दम घ्यायला थांबायचं म्हटलं, तर कलीमभाई म्हणाले, "यहाँ नहीं. आगे रखो." आणि स्वतः एका कोपऱ्याला खांदा लावला.

वर टाकीपाशी गाडी उभी होती. सिस्टर छत्री न घेता पावसात उभ्या. आमच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पोरीच्या पोटावर हात, मनगटावर हात.

"नाव काय तुहं?"

"पूजा."

"पूजा, आता रड. आतालोक काहाले धरून ठेवलं? गाडीत बस अन् चांगली बोंबलून रड."

पूजासोबत आशाताईला घेऊन गाडी गेली. सिस्टरनी विचारलं, "किती वेळ लागला?"

"खालून वर, एक तास दहा मिनिटं," ज्योती म्हणाली.

 घरी चला म्हटलं तर चालेनात. टाकीच्या खाली, खुर्चीवर, ओल्या साडीनिशी बसून राहिल्या आणि आम्ही भोवती उभे. साडेदहाच्या सुमारास आशाताईचा फोन आला. मुलगा. दोघंही बरे. सिस्टरनं ऐकलं. "हाव," म्हणाल्या. पुन्हा "हाव," म्हणाल्या. फोन माझ्याकडं दिला, पदर तोंडाला लावला आणि ती बाई रडली. दोन वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. आम्हीही रडलो. कलीमभाई तर लहान लेकरासारखे.

मग पदर खाली घेऊन म्हणाल्या, "बाबू, अकोल्याले फोन लाव. म्हना, गाडी घेऊन ये. मी येतो."

आठवड्यानं मुलगी आली. सामान काहीच नव्हतं, दोन पिशव्या. आम्ही सगळे दारात. सिस्टर प्रत्येकाला 'जयभीम' म्हणाल्या, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि मागच्या सीटवर बसल्या. मी खिडकीतून काही तरी बोलायला वाकलो. घरून निघाल्यापासून तेच जुळवत होतो, की आता काय बोलायचं या बाईशी.

मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. सिस्टरची मान सीटवर कलली होती. तोंड जरासं उघडं. गाडी हलायच्या आधीच डोळा लागला होता.

"माय पावसाळ्यात झोपतच नाही," मुलगी हळूच म्हणाली. "बावीस वर्षं झाली. रातभर बसून राहते."

तिनं गाडी अगदी सावकाश सुरू केली. बाहेर पाऊस पडत होता.